पांढरी चार की पांढरी तीन? एका गोमंतकीय रॉक बँडच्या पुनरागमनाचं प्रकरण

फोंड्यात माझी ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली आहे. वर्षातले बहुतेक महिने तिथे भजनं, शाळांची स्वागतगीतं आणि नाटकांचं पार्श्वसंगीत होतं. चवथीच्या आधी महिनाभर तर घुमट, शामेळ आणि कांसाळं या वाद्यांशिवाय कानावर दुसरं काही पडत नाही. अशा जागी पन्नाशी ओलांडलेले तीन गृहस्थ एका दुपारी इलेक्ट्रिक गिटारची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "आम्हांला अल्बम करायचाय. दहा गाणी. पॉवर पॉप."

हे प्रकरण त्या अल्बमचं आहे. बँडचं नाव त्यांच्याच विनंतीवरून लिहीत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर कुणाला फरक पडत नाही. गायक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. गिटारवाला पंचवीसेक वर्षं दुबईत काढून परतलेला. ड्रमरचं डिचोलीत हार्डवेअरचं दुकान, आणि तिघांत तोच एकटा इतकी वर्षं वाजवत राहिलेला, लग्नांच्या रिसेप्शनमध्ये. चौथा, म्हणजे बेसवाला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्या तेराव्याला हे तिघे कित्येक वर्षांनी एका खोलीत बसले आणि तिथेच ही गोष्ट निघाली.

नव्वदच्या दशकात म्हापशाच्या कॉलेजात हा बँड जमला. शनिवार-रविवार कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात हॉटेलांत दुसऱ्यांची गाणी वाजवायची आणि उरलेल्या दिवसांत स्वतःची बांधायची, असा खाक्या. स्वतःची गाणी इंग्रजीत होती. एक डेमो कॅसेट झाली, ती कुठल्याच कंपनीपर्यंत पोचली नाही. मग दुबईची नोकरी आली आणि बँड मोडला. भांडण नाही, तंटा नाही. गोव्यातले निम्मे बँड असेच आखातात विरघळले.

"पॉवर पॉप" म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आमच्याकडे फारसा वापरात नाही, म्हणून थोडं सांगतो. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने 1967 मध्ये आपल्या बँडच्या संगीताला हे नाव दिलं. पण ज्याला आज पॉवर पॉप म्हणतात ते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. बीटल्स नुकतेच वेगळे झाले होते, रॉक लांबत चाललं होतं, एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटांचे सोलो येत होते, आणि अशा वेळी बॅडफिंगर, रॅस्पबेरीज, बिग स्टार अशा काही मंडळींना तीन मिनिटांचं गोड चालीचं गाणं परत हवं होतं, मात्र गिटारच्या पूर्ण जोरासकट. वरून साखर, आतून दणका. म्हणजे हा प्रकार जन्मतःच रेट्रो. 1979 मध्ये द नॅकचं एक गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तोवर या शैलीला दहा वर्षंही पुरती झाली नव्हती आणि तरी ती जुन्याची आठवणच काढत होती.

याचा अर्थ माझ्यासारख्या ध्वनिमुद्रकाला असा की रेट्रो आवाज जुन्या यंत्रांतून येत नाही. तो गाण्याच्या बांधणीतून येतो. कडवं छोटं, धृपद लवकर, सोलो आखूड, आणि संपलं की संपलं. गिटारवाल्याने पहिल्याच दिवशी मला आवाज बदलणाऱ्या पेडलांची यादी दाखवली होती. मी ती घडी करून त्याच्याच शर्टाच्या खिशात ठेवली.

पुनरागमनाचे दोन दाखले त्यांच्या डोळ्यांसमोर होते. एक आपल्याकडचा, मुंबईच्या इंडस क्रीडचा. 1984 मध्ये रॉक मशीन म्हणून सुरू झालेला हा बँड 1997 मध्ये थांबला आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' घेऊन परतला. पण तो अल्बम मागे बघणारा नव्हताच, नावातच सांगून टाकलेलं. दुसरा दाखला द कार्स या अमेरिकी बँडचा, आणि तो आमच्या प्रकरणाला जास्त जवळचा. 1987 नंतर थेट 2011 मध्ये त्यांनी 'मूव्ह लाइक धिस' काढला. मध्यंतरी, 2000 मध्ये, त्यांचा बेसवादक आणि बऱ्याच गाण्यांचा गायक बेंजामिन ऑर वारला होता. त्यांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. अल्बमवरचा बेस की-बोर्डवाला ग्रेग हॉक्स आणि निर्माता जॅकनाइफ ली यांनीच वाजवला. गिटारवाल्याने हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

कॅसेट

डेमोची एकच प्रत उरली होती, बेसवाल्याच्या घरी. वहिनींनी ती गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली होती. म्हणूनच वाचली. गोव्यात कॅसेट उघड्यावर ठेवली की दोन पावसाळ्यांत फितीवर पांढरी बुरशी येते. हिच्यावरही कडेकडेने होती. कवचाचे स्क्रू काढले, फीत हाताने हळूहळू फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसली, नव्या कवचात घातली आणि एका सलग वादनात संगणकावर उतरवून घेतली. दोनदा वाजवायची हिंमत केली नाही.

गाणी चांगली होती. हे नोंदवून ठेवतो, कारण अशा प्रकरणांत बहुधा आठवण चांगली असते आणि गाणी सुमार. इथे चाली पक्क्या होत्या. तिघे ती प्रत घरी घेऊन गेले आणि महिनाभर तिच्याबरोबर तालीम केली.

महिन्याने आले ते तोंडं पाडून. गायकाचं म्हणणं, आवाज गेला. त्यांच्या सर्वांत आवडत्या गाण्याची पट्टी कॅसेटवर पांढरी चार होती, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी हा सा, आणि धृपदात तार सप्तकाच्या गंधारावर दोन मात्रा उभं राहायचं. तिथे पोचायच्या आधीच त्यांचा आवाज फाटत होता. "तेव्हा मी हे हॉटेलात रात्री दोन वाजता गायचो," ते म्हणाले, "तेही उपाशीपोटी." ड्रमरही कुरकुरत होता. लग्नांत चार-चार तास वाजवणारा माणूस, पण या गाण्यांत दुसऱ्या कडव्यालाच दम लागायचा. कॅसेटवर लय मिनिटाला 159 ठोके भरली.

मी उपाय सुचवत होतो, की पट्टी उतरवू, थोडं सावकाश घेऊ. ते कबूल होईनात. तेव्हा जमत होतं ते आता जमलंच पाहिजे, नाहीतर पुनरागमन कसलं, असा त्यांचा हट्ट.

कोडं सुटलं ते गिटारवाल्याच्या एका तक्रारीवरून. पांढरी चार या पट्टीसाठी त्याला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवावं लागत होतं, कारण कॅसेटवर मोकळ्या तारा खणखणताना स्पष्ट ऐकू येत होत्या. कॅपोशिवाय त्या पट्टीत तशा मोकळ्या तारा सापडत नाहीत. "पण मजा म्हणजे," तो म्हणाला, "त्या वेळी माझ्याकडे कॅपो नव्हताच. मी तो दुबईत गेल्यावर घेतला."

मग मी कॅसेटचा आवाज संगणकावर उघडून त्याच्या खालच्या सुरांच्या भागात बघितलं. जुन्या अँप्लिफायरची घरघर प्रत्येक गाण्याच्या आधी दोन-तीन सेकंद ऐकू येत होती. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर 50 वर आणि तिच्या पटींत दिसायला हवी. ती दिसत होती 53 वर. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी थोडीफार वरखाली व्हायची हे खरं, पण 50 ची 53 व्हायला लागली तर ग्रिडच बंद पडेल. म्हणजे वीज ठीक होती, टेपरेकॉर्डर ढिला होता. ध्वनिमुद्रण करताना त्याचा पट्टा घसरत असणार, फीत सावकाश फिरली असणार, आणि बरोबर वेगाच्या यंत्रावर लावल्यावर सगळं वर चढलं. 50 चे 53 म्हणजे सहा टक्के, आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ बरोब्बर अर्धा सूर.

पांढरी चारच्या अर्धा सूर खाली असते पांढरी तीन. गाणं मुळात पांढरी तीनचं होतं. लय 159 नव्हे, 150 होती.

प्रत दुरुस्त करून लावली तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. कॅसेटवरचा किंचित पोरसवदा आवाज भरला, ड्रम जमिनीवर आले. महिनाभर ही माणसं कधीच न घडलेल्या एका बँडशी स्पर्धा करत होती. शेवटी ड्रमर म्हणाला, "बघ, म्हणजे आम्ही तेव्हाही काही एवढे ग्रेट नव्हतो." आणि सगळे हसले.

त्यानंतर पट्टी पांढरी दोनवर आणायला कुणाचा विरोध उरला नाही. एका सुराने खाली उतरण्यात लाज वाटेना, कारण अर्धा सूर तर फुकटचाच होता. शिवाय पांढरी दोनमध्ये गिटारवर मोकळ्या तारांचे कॉर्ड भरपूर मिळतात, आणि या शैलीतला तो खणखणाट मोकळ्या तारांचाच असतो. कॅपो पेटीत गेला.

करमेना

इंग्रजी गाणी मराठीत करायची हा निर्णय त्यांनी येण्याआधीच घेतला होता. कोकणीत का नाही, असं त्यांना बऱ्याच जणांनी विचारलं. मीही विचारलं. गायकाचं उत्तर सरळ होतं. घरात बोलतो कोकणी, पण वाचायला-लिहायला शिकलो मराठीत, देवळात म्हटलं ते मराठीत, कागदावर हात चालतो तो मराठीतच. आमच्या पिढीतल्या डिचोली-पेडणे-सत्तरीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळचे कोकणी-मराठी वाद ज्यांनी पाहिले त्यांना या विषयावर पुन्हा बोलायचा कंटाळा आहे.

खरी अडचण मात्रांची होती. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, पडतो, आणि इंग्रजी शब्दातला आघात त्याच्याशी जुळवून घेतो. मराठीत तसा ठसठशीत आघात नाही. आपलं ऱ्हस्व-दीर्घाचं गणित. त्यामुळे सरळ भाषांतर केलं की ओळ रेल्वेच्या डब्यांसारखी एकसारखी धावते आणि स्नेअर कुठेतरी भलत्याच अक्षरावर आपटतो.

मुख्य गाण्याच्या धृपदाची पहिली खटपट होती "तुझ्यावाचून करमत नाही". बोलायला छान. गायला लावली तेव्हा दोन घोळ दिसले. एक तर अक्षरं जास्त. दुसरं म्हणजे वरच्या गंधारावर येणारं अक्षर "ही". ईकारावर तोंड मिटतं, जिभेची उचल होते, आणि वरच्या सुरात पन्नाशीतला गळा ईकाराला दाद देत नाही. दोन संध्याकाळी आम्ही त्या ओळीशी झुंजलो. मग गायकाच्या आईकडून, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाईकडून, शब्द आला: करमेना. ती आतून चहा घेऊन आली होती आणि म्हणाली, "करमत नाही काय म्हणतोस रे, करमेना म्हण."

कर, मे, ना. तीन ठोके. पहिल्या मात्रेवर कर, दुसऱ्या मात्रेवर स्नेअरबरोबर मे, तिसरीवर ना आणि तो आकार हवा तेवढा ओढा, चौथीवर नुसती टाळी. शब्दाने नकार आत गिळून घेतलाय, तोंड उघडं राहतंय, आणि ऐकणाऱ्याला आजीची आठवण. त्यानंतर सगळ्या गाण्यांतून आम्ही "नाही" शोधून काढले आणि "दिसेना", "सुचेना", "जाववेना" असे बदलत गेलो. अती झालं तेव्हा थांबलो. सातव्या गाण्यात तीन "ना" अजून आहेत, ते मला खटकतात.

दुसरा सूर

या शैलीचा प्राण एकत्र गाण्यात आहे, तिसऱ्या सुरातल्या साथीत. मुख्य चाल षड्जावर तर वरचा आवाज गंधारावर, आणि दोघं समांतर चालतात. आमचे तिघेही आरतीत वाढलेले, म्हणजे शंभर माणसं एकाच सुरात. दुसरा आवाज धरायला गेले की दोन ओळींत पहिल्याच्या चालीवर घसरायचे. जुन्या बँडमध्ये हे काम बेसवाला करायचा.

गंमत अशी की हा प्रकार गोव्याला परका अजिबात नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन, व्हायोलिन, समूहगायन शिकवलं जाई, आणि मांडो तर दोन आवाजांतच गातात, तिसऱ्या आणि सहाव्या सुराच्या अंतराने. आमच्या वाड्यापासून दोन किलोमीटरवर ही विद्या चारशे वर्षं नांदत होती, फक्त देवळातून चर्चकडे जायचा रस्ता कुणी त्यासाठी ओलांडला नव्हता. आम्ही शेजारच्या गावातल्या गायकवृंदाच्या मेस्तांना, म्हणजे संगीतशिक्षकांना, विनंती केली. वयाच्या सत्तरीतले गृहस्थ, रॉकची आवड शून्य. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की दुसऱ्या आवाजाला साथ समजू नका, ती वेगळी चाल म्हणून पाठ करा, पहिली ऐकूच नका. मग मी ड्रमरला पहिली चाल न ऐकवता नुसती दुसरी पेटीवर वाजवून दिली. तो आठवडाभर दुकानात खिळे मोजताना तीच गुणगुणत राहिला. नंतर दोन्ही एकत्र केल्या आणि बसल्या.

गिटारी, पाऊस, पोदेर

बारा तारांची गिटार हे या आवाजाचं जणू बोधचिन्ह. तिच्यात खालच्या चार जोड्यांत एक तार वरच्या सप्तकाची असते आणि वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या. गिटारवाल्याने एक उसनी आणली. आम्ही जुलैमध्ये काम करत होतो. पाऊस धरला की लाकूड फुगतं, तारा फ्रेटबोर्डापासून वर उचलल्या जातात, आणि खारट दमट हवेत बारा तारांना आठवड्यात गंज. एका संध्याकाळी जुळवण्यात चाळीस मिनिटं गेली आणि वाजवण्यात तीन. शेवटी ती परत केली.

तिच्याऐवजी जे केलं ते ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्यावं. दोन साध्या सहा तारांच्या गिटारी घेतल्या. एक नेहमीसारखी. दुसरीच्या खालच्या चार तारा काढून तिथे बारा तारांच्या संचातल्या बारीक तारा चढवल्या, म्हणजे त्या चारही एक सप्तक वर. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. तेच कॉर्ड दोन्हींवर वाजवून एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. दोन हातांची वेळ केसभर मागेपुढे होते आणि त्यातूनच चमक येते. बारा तारांहून मला हेच जास्त आवडलं.

सोलोवरून एकदा खटका उडाला. दुबईतल्या एकाकी संध्याकाळी गिटारवाला बोटं फार वेगात चालवायला शिकला होता आणि ते कुठेतरी दाखवायचं होतं. मी त्याला वीझर या बँडचा दाखला दिला. 1996 च्या दुसऱ्या अल्बमनंतर पाच वर्षं गायब राहून ते 2001 मध्ये परतले, अल्बम अख्खा अर्ध्या तासाच्या आत, आणि त्यातले बरेच सोलो म्हणजे गायलेलीच चाल गिटारवर. त्याला पटलं नाही. मग मी म्हटलं, पेटीवाला भजनात काय करतो? बुवांनी ओळ सोडली की तीच उचलतो. हे पटलं.

पाऊस पत्र्यावर पडायला लागला की काम बंद. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पुन्हा बंद. एका टेकमध्ये तो भोंपू नेमका शेवटच्या कॉर्डच्या नंतर, जवळजवळ सुरात आला आहे. ठेवलाय.

ड्रमवर पंचे टाकले. सत्तरच्या दशकातला तो कोरडा, ठसकेबाज ड्रम हवा असेल तर घुमणारी कातडी दाबायला लागते, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या पंच्यासारखं दुसरं काही नाही. क्लिक, म्हणजे कानात लय देणारी टकटक, लावून वाजवलेल्या पहिल्या दोन गाण्यांत जीव नव्हता. कॅसेटवर धृपद आलं की लय दोन-तीन ठोक्यांनी चढायची आणि कडव्यात परत बसायची. क्लिकने ती चढण मारली. मग चार ठोके ऐकवायचे आणि क्लिक बंद. टाळ्या चौघांनी व्हरांड्यात, चिऱ्याच्या भिंतीसमोर उभं राहून वाजवल्या, चौथा मी.

गोव्याचा बँड म्हणून कुठेतरी घुमट हवं, असं सगळ्यांनीच सुचवलं. एका गाण्यात लावून पाहिलं. आताचं घुमट बकऱ्याच्या कातड्याचं, पूर्वीचं घोरपडीचं, ते वन्यजीव कायद्यामुळे गेलं. पण कातडं कुठलंही असो, त्याचा मडक्यातला गुंजारव बेसच्या जागेवर येऊन बसतो. बेस ऐकू येईना. या अल्बममध्ये तर बेस ऐकू न येणं चाललंच नसतं. काढून टाकलं. पर्यटकांच्या टी-शर्टावर शोभलं असतं.

बेस

2023 मध्ये बीटल्सचं शेवटचं म्हणून जे गाणं आलं, त्यात लेननचा आवाज जुन्या कॅसेटवरून संगणकाने सोडवून घेतला होता. गिटारवाल्याच्या मनात तेच होतं, मित्राचा बेस कॅसेटवरून उचलायचा आणि नव्या गाण्यांखाली ठेवायचा. असं सॉफ्टवेअर आता कुणालाही मिळतं. मी करून पाहिलं. निघालं ते पाण्याखालून वाजवल्यासारखं होतं, ड्रमचे तुकडे त्याला चिकटलेले. आणि समजा स्वच्छ निघालं असतं, तरी ते पांढरी तीनचं, एका सुराने उतरवायला लागलं असतं. तिघांनी एकदाच ऐकलं.

पण नकाशा म्हणून ते फार कामाला आलं. बेसवाला बोटांनी नाही, पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवायचा, हे ऐकून कळलं. आणि त्याची एक खोड सापडली: धृपदाच्या पहिल्या मात्रेवर तो वाजवतच नव्हता. सगळे दणकन एकावर उतरले की हा अर्धी मात्रा थांबून येणार. त्या पोकळीमुळे धृपद उचललं जायचं. तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की उडी तिथून येते. गिटारवाल्याने बेस स्वतः वाजवला, मित्राच्याच गिटारवर, पिकने, आणि दहाही गाण्यांत ती जागा मोकळी सोडली.

हक्कांचं काम थोडक्यात सांगतो, कारण परतणारे बँड नेमकं इथेच गाफील असतात. दहातली दोन गाणी बेसवाल्याची होती, शब्द आणि चाल दोन्ही. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो, आणि इंग्रजी शब्दांचं मराठी करायलाही परवानगी लागते. "घरातलंच आहे, विचारायचं काय?" असं ड्रमर म्हणाला. मी कागद करायला लावला. वहिनींनी सही करताना विचारलं, "भावोजी, याचे पैसे येतात का?" खरं सांगावं लागलं. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षभरात हजार वेळा वाजल्याशिवाय गाण्याला काही मिळतच नाही. त्या म्हणाल्या, मग हजार वेळा मीच लावीन.

अल्बम एकतीस मिनिटांचा झाला. चौथं गाणं वीस सेकंदांनी लांबलंय, शेवटचं धृपद एकदा कमी हवं होतं. त्यावर मी हरलो. प्रकाशन साडेसहाला ठेवलं, कारण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही आणि गोव्यात सहाची वेळ दिली की लोक साडेसातला येतात. आले. निम्मे हार्डवेअरचे गिऱ्हाईक. "करमेना"ला दुसऱ्या वेळी मागच्या रांगांतून चौथ्या मात्रेवर टाळी पडायला लागली, कुणी न सांगता.

कॅसेटची दुरुस्त केलेली प्रत पेन ड्राइव्हवर घालून मी वहिनींना नेऊन दिली. त्यांनी समोरच लावली. अर्धं गाणं ऐकलं आणि थांबवली. म्हणाल्या, हे ते नव्हेत, हे सावकाश आहे. मी टेपरेकॉर्डरचा पट्टा, 50 आणि 53, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पहिली आहे ना तुमच्याकडे अजून, ती द्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन पांढरी चारची देऊन आलो.